घरमालक दुरुस्ती करत नाही, मग भाडेकरूने काय करायचं? मुंबईतल्या भाडेकरूंचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न वाचण्याआधी घरातले तीन कागद काढून ठेवा: शेवटची भाडेपावती किंवा करार, इमारतीच्या मालमत्ता कराच्या बिलाची प्रत (मिळाली तर) आणि घरमालकाशी आजवर झालेला पत्रव्यवहार. खालची निम्मी उत्तरं या कागदांवर काय लिहिलंय त्यावर बदलतात.

माझ्या घराला नक्की कुठला कायदा लागतो?

तुम्ही चाळीत किंवा जुन्या इमारतीत पावतीवर किंवा पागडीवर (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने) राहत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि दुरुस्तीबाबतचं महत्त्वाचं कलम १४ त्यातलंच.

अकरा महिन्यांच्या किंवा तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहत असाल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक असता. कलम १४ तुमच्या कामाचं नाही. तुमचा आधार म्हणजे करार. त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलं आहे.

इमारत सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीची असेल, किंवा जागा बँकेने अथवा एक कोटी वा त्याहून जास्त भरणा भागभांडवल असलेल्या कंपनीने घेतली असेल, तर हा कायदा लागू होत नाही. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या लेखांत ज्या केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा दाखला असतो, तो फक्त नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कुठेही चालत नाही.

कलम १४ नक्की काय म्हणतं?

जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं ते म्हणतं. मात्र भाडेकरूने स्वतः उलट करार करून दिला असेल तर ती टळते. म्हणून जुना भाडेचिठ्ठीचा कागद असेल तर आधी तो वाचा. काही जुन्या कागदांत ‘आतली सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं वाक्य सापडतं.

मालकाने दुर्लक्ष केलं तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. भाडेकरूंनी मिळून काम केलं तर प्रत्येकाचा वाटा ज्याच्या-त्याच्या भाड्याच्या प्रमाणात पडतो आणि त्या रकमेवर १५ टक्के सरळव्याज धरता येतं. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि बिलं हा खर्चाचा निर्णायक पुरावा असून तो मालकावर बंधनकारक आहे, असं कायद्यातच लिहिलंय.

हे ऐकायला छान आहे, पण आमचं भाडं महिना ६०० रुपये आहे. चौथा हिस्सा घेऊन काय होणार?

फार काही होणार नाही, हे आधीच मान्य करून टाकू. ६०० रुपये महिना म्हणजे वर्षाला ७,२०० आणि त्याचा चौथा हिस्सा १,८००. मोरीची फरशी उखडून, पाईप बदलून, वॉटरप्रूफिंग करून बिल २४,००० झालं तर ते फिटायला तेरा वर्षांहून जास्त लागतील. तेच १२,००० भाड्याच्या दुकानाला वर्षाला ३६,००० वळते करता येतात. तिथे हे कलम खरोखर चावतं.

तरीही कमी भाड्याच्या खोलीतूनसुद्धा नोटीस द्यावीच. तिचा खरा उपयोग पैशांपुरता नाही. तुम्ही मालकाच्या नकळत बांधकाम केलं नाहीत, मालकाला आधी कळवलं होतं, त्याने काही केलं नाही, हे सगळं त्या एका कागदाने सिद्ध होतं. पुढे मालकाने ‘भाडेकरूने परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं’ म्हणून जागा खाली करण्याचा दावा लावला, किंवा पालिकेकडे वा म्हाडाकडे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे) तक्रार करावी लागली, तर सगळ्यात आधी हीच नोटीस मागितली जाते.

नोटीस कशी लिहायची?

साधी, तारखेची आणि जागेचा नेमका उल्लेख असलेली. ‘घराची अवस्था वाईट आहे’ हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. असं लिहा:

‘विषय: खोली क्र. १४, दुसरा मजला येथील छत व मोरीची दुरुस्ती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये नोटीस. आपण या खोलीचे मालक असून मी आपला भाडेकरू आहे. स्वयंपाकघराच्या छतातील साधारण ३ फूट बाय २ फूट भागाचा गिलावा पडून सळया उघड्या पडल्या आहेत. मोरीच्या नहाणी ट्रॅपमधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपते. सोबत तारीख असलेली छायाचित्रे जोडली आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती सुरू करावी. तसे न झाल्यास मी स्वखर्चाने दुरुस्ती करून घेईन व कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करीन. भाडे भरण्यास मी आजही तयार आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याचं कारण थकबाकीच्या प्रश्नात आहे.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. म्हणून खिडकीवर पोच मिळेल अशी सेवा मागा, पावती आणि पोच नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी टपालानेही पाठवाच. मालकाच्या मेहताजीला (कारकुनाला) हातोहात दिली तर प्रतीवर ‘मिळाले’, सही आणि तारीख घ्या. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, बंदच ठेवा.

मालक कोण हेच नक्की माहीत नाही. वारसांत भांडण आहे.

पावतीवरचं नाव, मालमत्ता कराच्या बिलावरचं नाव आणि नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक, या तिन्हींवर जी नावं सापडतील त्या सगळ्यांना एकच नोटीस पाठवा. भाडं गोळा करणाऱ्या माणसालाही एक प्रत द्या. वारसांचा वाद हे दुरुस्ती न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

दुरुस्ती करत नाहीत म्हणून भाडंच बंद केलं तर?

करू नका. मुंबईत भाडेकरू हातचा दावा घालवतात तो बहुतेक इथेच. तुम्ही भाडं भरत असाल, किंवा भरायला तयार असाल, तर कलम १५ तुम्हाला संरक्षण देतं. भाडं थकलं की मालकाला लेखी मागणी करून ९० दिवसांनंतर दावा लावता येतो. दाव्याचं समन्स हातात पडल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली तर घर वाचतं. ती मुदत चुकली की गळक्या छताची गोष्ट कोर्टात फारशी मदतीला येत नाही.

म्हणून फक्त कायद्याने सांगितलेला चौथा हिस्साच वळता करा. दर महिन्याला ६०० ऐवजी ४५० भरा आणि सोबत चार ओळींचा हिशेब द्या: एकूण खर्च, आजवर वळता केलेला, या महिन्यात वळता केलेला, शिल्लक. मालक कमी भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा किंवा त्याच्या खात्यात टाका आणि पुरावा ठेवा. भाडं घेऊन पावती न देणं हा या कायद्याने गुन्हा आहे, हेही मालकाला एकदा लेखी कळवायला हरकत नाही.

आम्ही स्वतः काय काय दुरुस्त करू शकतो? पालिकेची परवानगी लागते का?

गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाईप, नळ, विजेची फिटिंग, छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने बदलणं, ही कामं महापालिका कायद्याच्या कलम ३४२ खाली परवानगीशिवाय होतात. भिंत हलवणं, तुळई किंवा खांब काढणं, पोटमाळा वाढवणं, उंची वाढवणं यांना ही सवलत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली पोटमाळा चढवला की मालकाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

मालकाच्या परवानगीशिवाय पक्कं बांधकाम हे घर खाली करण्याचं एक कारण आहे. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं ही कामं पक्क्या बांधकामात मोडत नाहीत, असं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ च्या स्पष्टीकरणातच आहे. पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती मात्र घ्यावी लागते.

गळती वरून आहे की आमच्याच पाईपची, कसं ओळखायचं?

मालकाशी किंवा वरच्या बिऱ्हाडाशी वाद घालण्याआधी हे नक्की करा. चुकीच्या जागेवर पैसे घालवण्याचं मुख्य कारण तेच आहे.

ओल चोवीस तास सारखीच राहते, वरचे लोक गावाला गेले तरी थांबत नाही: दाबाखालच्या पाण्याच्या पाईपला गळती. आंघोळ किंवा धुणं झालं की तासा-दोन तासांत वाढते: मोरीचा ट्रॅप (पाणी जाण्याचं तोंड), सांधा किंवा सांडपाण्याचा पाईप. फक्त पावसातच येते: बाहेरची भिंत, खिडकीचा सज्जा किंवा गच्ची.

मोरीचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, दीड-दोन इंच पाणी साठवा, त्यात रंग मिसळा आणि २४ तास ठेवा. खाली रंगीत ओल आली तर दोष फरशीच्या सांध्यात किंवा ट्रॅपच्या कडेला आहे. काहीच आलं नाही तर बोळा काढून पाणी एकदम सोडा. आता ओल आली तर खालचा पाईप फुटलेला आहे. जुन्या बिडाच्या पाईपला बहुतेकदा सांध्यापाशी चीर जाते आणि बाहेरून सिमेंट थापून ती टिकत नाही, तेवढा तुकडाच बदलावा लागतो.

लादी-कोब्याच्या मजल्यावर, म्हणजे लोखंडी किंवा सागवानी तुळयांवर दगडी लाद्या आणि वर चुन्याचा कोबा असतो तिथे, ही चाचणी जास्त वेळ चालवू नका. पाणी कोब्यातून तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी पोचतं आणि तुळई कुजते ती तिथूनच. अशा मजल्यावर फरशीवर नवी फरशी चढवणं हा मुंबईतला आवडता, आणि घातक, उपाय आहे. वजन वाढतं, ओल तशीच राहते.

स्लॅबचे पोपडे पडतात. गिलावा करून घेतला तर चालेल का?

नुसता गिलावा एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा खाली येईल. पोपडे पडतात ते आतली सळई गंजून फुगते म्हणून. समुद्राची खारी हवा आणि ओल यांनी हे काम लवकर होतं. नीट दुरुस्ती अशी: पोकळ वाजणारं सगळं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशने गंज साफ करायचा, सळई बारीक झाली असेल तर शेजारी नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग बाँडिंगचा थर आणि पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर थराथराने भरायचं, आणि क्युरिंग करायचं, म्हणजे ते ओलं ठेवायचं. यातली एक पायरी गाळली की काम फुकट.

काम सुरू असताना टेकू लावावे लागतात. टेकू फक्त तुमच्या खोलीत लावला तर वरचं वजन खालच्या मजल्याच्या स्लॅबवर येतं. ते एकाखाली एक, जमिनीपर्यंत न्यावे लागतात. म्हणजे खालच्या बिऱ्हाडांची संमती आलीच. कंत्राटदार ‘एका दिवसात करून देतो’ म्हणाला तर टेकूचं काय, हे आधी विचारा.

पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या, बिलावर खोली क्रमांक आणि कामाचं वर्णन लिहून घ्या, दोन-तीन दरपत्रकं जपून ठेवा. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. गच्ची किंवा छपराचं काम असेल तर नोटीस जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवी. एप्रिलच्या अखेरीस दिलेली नोटीस पावसात भिजते.

आमची इमारत म्हाडाची सेस भरते. मग म्हाडानेच दुरुस्ती करायला नको का?

शहर भागात, म्हणजे माहीम-शीवपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या बऱ्याच खासगी भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या, आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि त्यानंतरच्या ‘क’ वर्गात येतात. अनेकांच्या भाडेपावतीवर ‘रिपेअर सेस’ अशी वेगळी ओळ असते. उपनगरात हा प्रकार नाही. पार्ला किंवा कुर्ल्यातली पागडीची इमारत कितीही जुनी असली तरी तिथे पालिकाच.

उपकरप्राप्त इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं: तुळया, स्लॅब, भार पेलणाऱ्या भिंती, जिने, पॅसेज, सामाईक संडास. तुमच्या खोलीतला नळ, रंग किंवा फरशी हे त्यांचं काम नाही. दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा असते आणि वरची रक्कम रहिवाशांना उभी करावी लागते.

अर्ज तुमच्या वॉर्डाच्या विभागीय कार्यालयात कार्यकारी अभियंत्याकडे करा. जमल्यास सगळ्या भाडेकरूंच्या सह्या, उपकर क्रमांक, छायाचित्रं आणि मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत जोडा. पोच घ्या. इमारत किंवा तिचा एखादा भाग उपकरप्राप्त आहे की नाही याचीही लेखी खात्री करून घ्या: २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला तेव्हा पहिला वाद झाला तो कोसळलेला भाग म्हाडाच्या अखत्यारीत येतो की नाही याचाच.

म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ खाली धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, आणि त्याने तो दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेला सहा महिने मिळतात. या नोटिसा काढण्याच्या पद्धतीवरून उच्च न्यायालयात बरेच वाद झाले आहेत. अशी नोटीस आली तर नाचत किंवा घाबरत सुटण्याआधी वकिलाला दाखवा.

उपकर नाही. पालिका काय करू शकते?

वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात तक्रार द्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक ऑडिट करून घेणं महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे सक्तीचं आहे. ते केलंय का, असं तक्रारीतच विचारा. धोका दिसला तर कलम ३५४ खाली पालिका मालकाला नोटीस देते. इमारतीची वर्गवारी अशी: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे काही भाग पाडून वा रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

पालिकेने सांगूनही मालकाने काम केलं नाही तर कलम ४९९ उपयोगी पडतं. आयुक्तांच्या मंजुरीने, म्हणजे व्यवहारात वॉर्ड ऑफिसमार्फत, रहिवासी ते काम स्वतः करू शकतात आणि वाजवी खर्च मालकाकडून वसूल करू शकतात किंवा भाड्यातून कापू शकतात. आमच्या मते सी-२ब इमारतींसाठी हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा मार्ग आहे.

मालकाने स्वतःच ऑडिट करून इमारत सी-१ ठरवली. आता बाहेर काढणार का?

घाईने खोली सोडू नका, आणि नुसतं अडूनही बसू नका. भाडेकरूंनी आपला संरचना अभियंता नेमून वेगळं ऑडिट करून घ्यावं: हातोडा चाचणी, अल्ट्रासोनिक चाचणी, गंजाची हाफ-सेल चाचणी, गरज पडल्यास कोअर (काँक्रीटचा नमुना कापून तपासणी). दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. मालकाच्या अहवालात चाचण्यांचे आकडे आहेत की नुसते फोटो, हे तुमच्या अभियंत्याला पहिल्यांदा बघायला सांगा.

इमारत खरंच पाडावी लागली तरी भाडेकरूचा हक्क पडत नाही. बाहेर पडण्याआधी प्रत्येक खोलीचं चटई क्षेत्र मोजून भाडेकरूंच्या यादीसह पालिकेकडे नोंदवून घ्या, त्याची प्रत घ्या, आणि पावत्या बँकेच्या लॉकरमध्ये किंवा नातेवाइकांकडे ठेवा.

मात्र दारं अचानक अडकायला लागली, तुळईच्या टोकाशी तिरकी नवी भेग गेली, छतातून भुकटी पडत राहिली, मजला झोल खाऊ लागला, तर ऑडिटची वाट बघू नका. सगळ्यांनी बाहेर पडा, १९१६ वर पालिकेच्या आपत्कालीन कक्षाला कळवा.

मालकाने पाणी तोडलं, जिन्यातला दिवा काढला. ही दुरुस्तीचीच बाब का?

नाही, आणि हे तुमच्या बाजूने आहे. पाणी, वीज, जिन्यातले व पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, सफाई या आवश्यक सेवा. त्या तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं. मालकाने बिल न भरल्यामुळे पालिकेने पाणी तोडलं तरी ते मालकानेच तोडलं असं धरतात. लघुवाद न्यायालय मालकाला नोटीस जाण्याआधीच अंतरिम आदेश देऊ शकतं. शिवाय स्वतःच्या खर्चाने नवी जोडणी हवी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र नसतानाही ती मंजूर करता येते, हेही त्याच कलमात आहे. काउंटरवर ना-हरकत मागितलं तर कलमाचा उल्लेख करून लेखी नकार मागा.

मी लिव्ह अँड लायसन्सवर आहे. मला काय करता येईल?

करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती तुमच्याकडे आणि मोठी मालकाकडे असते, पण मोठी म्हणजे काय ते लिहिलेलं नसतं. नवा करार करताना गीझर, गळती, विजेचं मुख्य वायरिंग, सांडपाण्याचा पाईप ही नावं घालून घ्या आणि ‘सात दिवसांत न केल्यास परवानाधारकाने करून खर्च मासिक रकमेतून वळता करावा’ हे वाक्य टाका. लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट) असेल तर राहण्याजोगी अवस्था नसल्यास ते लागू होणार नाही, हेही लिहून घ्या.

असं काही कलम नसेल तर पैसे परस्पर कापू नका. ईमेलने कळवा, मालकाची लेखी हो घ्या. सोसायटीच्या इमारतीत गच्चीची गळती आणि बाहेरचे सामाईक पाईप सोसायटीच्या खर्चाने होतात. पण तुम्ही सभासद नसल्याने सेक्रेटरीला पत्र मालकाने द्यायला हवं. तुम्ही मसुदा तयार करून त्याला पाठवलात तर सही लवकर होते.

कोर्टात जायचं तर कुठे? वकील परवडत नाही.

मुंबईत घरमालक-भाडेकरू वाद लघुवाद न्यायालयात चालतात. मुख्य इमारत धोबी तलावला, उपनगरांसाठी वांद्र्याला. दुरुस्तीचा आदेश मागणारा दावा आणि कलम २९ चा अर्ज दोन्ही तिथेच. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; महिलांना उत्पन्नाची अट नाही. खोली पतीच्या नावावर असेल तर अर्जदार तोच धरला जाईल. जाताना पावत्या, नोटीस आणि पोच, तारखेची छायाचित्रं, बिलं आणि पालिका किंवा म्हाडाकडे दिलेल्या तक्रारींच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्या, मूळ कागद घरी ठेवून.